पाच दिवस ऑफिस: आदेश कंपनीचा, खर्च कोकणातल्या घराचा

गेली दोन-तीन वर्षं बातमी तीच येते, फक्त कंपनीचं नाव बदलतं. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला या असं सांगितलं. अ‍ॅमेझॉनने आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना २ जानेवारी २०२५ पासून तेच सांगितलं. जेपी मॉर्गनने मार्च २०२५ पासून. इन्फोसिसने त्याच मार्चपासून महिन्याला किमान दहा दिवस ऑफिसात यायची अट घातली. बातमी छापून येते अर्थविषयक पानावर, पण तिचा परिणाम दिसतो तो दापोली, गुहागर, देवगड, कुडाळच्या वाड्यांमध्ये. २०२० च्या उन्हाळ्यात लॅपटॉप पाठीला लावून गावी आलेली आणि इथेच बस्तान बसलेली मुलं-मुली एकेक करून पुन्हा पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची वाट धरत आहेत.

गावातल्या जाणत्या माणसांना याचं कोडं पडतं. "पगार तोच, काम तेच, कॉम्प्युटरही तोच. मग तिकडे जाऊन वेगळं काय करणार?" दुसरीकडे, "पगार घेता ना, मग बोलावलं की जायचं, त्यात रडायचं काय?" असंही बरेच जण म्हणतात. दोन्ही प्रश्न सरळ आहेत आणि दोन्हींना सरळ उत्तर द्यायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ऑफिसात बसायला या मुलांची ना नाही. ती चिडली आहेत ती यासाठी की निर्णय एका बाजूने घेतला आणि त्याचा खर्च मात्र सगळा दुसऱ्या बाजूवर टाकला. आदेश काढणाऱ्यांनी तो खर्च कधी मांडूनही पाहिलेला नाही.

आदेशात नेमकं काय असतं?

कामाच्या जागेच्या आता तीन पद्धती आहेत. पूर्ण वेळ ऑफिस, पूर्ण वेळ घर, आणि दोन्हींची विभागणी, जिला 'हायब्रिड' म्हणतात. 'रिटर्न टू ऑफिस'चा आदेश म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पद्धतीतल्या माणसाला पहिल्या पद्धतीत आणणं. मी याला पुढे 'परतीचा आदेश' म्हणेन.

हा आदेश नुसत्या ईमेलवर थांबत नाही. दारावर कार्ड टेकवलं की हजेरी लागते आणि ती हजेरी पैशाशी जोडली जाते. टीसीएसने २०२४ मध्ये तिमाही 'व्हेरिएबल पे', म्हणजे पगारातला कामगिरीवर ठरणारा बदलता भाग, हजेरीला बांधला. ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर पूर्ण रक्कम, ६० टक्क्यांच्या खाली असेल तर काहीच नाही. काम वेळेत आणि चोख केलं तरी दारावरचा आकडा कमी म्हणून पैसे कापले, की माणूस दुखावणारच.

याच कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरेल. लोकांनी ते ऐकलं होतं, आणि ऐकून आपली घडी बसवली होती.

शब्द कुणी दिला होता?

"कंपनीने कुठे लिहून दिलं होतं की कायम घरून काम करा?" बहुतेकांना दिलं नव्हतं, हे खरं. पण त्या तीन वर्षांत चहूकडून येणारे संकेत पाहा. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा जून २०२१ मध्ये कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांवरचे जुने निर्बंध उठवले आणि कर्मचाऱ्याने घरून काम करणं सोपं केलं. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये वेगळा नियम आणून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू दिलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये ती मुभा सगळ्यांपर्यंत वाढवली. सरकार नियम बदलतंय, कंपनीचे मोठे साहेब मुलाखतींतून 'भविष्य हेच आहे' म्हणतायत, मॅनेजर "तू कुठून लॉगिन करतोस याच्याशी मला घेणं नाही" म्हणतोय. अशा वेळी तिशीतलं माणूस काय करेल? निर्णय घेईल.

गुहागर तालुक्यातलं माझ्या ओळखीचं एक घर आहे. पडवीच्या एका टोकाला प्लायवूडची भिंत घालून खोली काढली आहे. आत टेबल, भिंतीवर उंचावर राउटर, खाली दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर. फायबरची तार आंब्याच्या फांद्यांतून येते, म्हणून वाऱ्याच्या दिवसांत तुटते. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला डोंगल खिडकीच्या गजाला बांधलेला आहे, कारण रेंज तिथेच येते. संध्याकाळी सातला परदेशातल्या ग्राहकाची मीटिंग असली की घरचे मागच्या दाराने ये-जा करतात. हा सगळा खर्च त्या मुलाने स्वतःच्या पगारातून केला. व्यापाऱ्याला कराराने दिलेली आंब्याची कलमं त्याने परत स्वतःकडे घेतली. मोहोराच्या दिवसांत सकाळी उजाडताच फवारणी उरकायची आणि दहाला लॉगिन करायचं. वडिलांची रत्नागिरीला डॉक्टरकडची फेरी सुट्टी न मोडता, एक दिवस पहाटे लवकर काम सुरू करून व्हायची. आता त्याला पुण्याला बोलावलं आहे. फवारणी कोण करणार, वडिलांना कोण नेणार, हे प्रश्न कंपनीच्या ईमेलमध्ये नसतात. ते असावेत अशी त्याची अपेक्षाही नाही. चार महिने आधी विचारलं असतं तरी त्याने कलमांचा करार नव्याने केला असता.

मग कंपन्या बोलावतात कशासाठी?

यामागे कारणं बरीच आहेत. त्यातली काही खरी आहेत, काही अर्धवट.

सगळ्यात खरं कारण नव्या मुलांच्या शिकण्याचं. नवीन लागलेला इंजिनिअर शेजारच्या खुर्चीवरच्या अनुभवी माणसाकडे पाहून शिकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की सहकारी जवळ बसत असतील तर कनिष्ठांच्या कोडवर जास्त सूचना येतात, आणि त्याचा सर्वाधिक फायदा तरुण मुलींना होतो. ही गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. बावीस वर्षांच्या मुलाने पहिली नोकरी गावातल्या खोलीत एकट्याने करू नये, असंच मी सांगेन.

दुसरं कारण इमारतींचं. मोठ्या कंपन्यांनी ऑफिसच्या जागा वर्षानुवर्षांच्या करारांनी घेतलेल्या असतात. भाडं भरायचंच आहे, तर खुर्च्या रिकाम्या का ठेवा असा तो हिशोब. तिसरं, देखरेखीची सवय. ज्या मॅनेजरने आयुष्यभर डोळ्यांनी माणसं मोजली, त्याला काम मोजायला शिकावं लागतं, आणि ते अवघड आहे.

चौथं कारण उघडपणे कुणी बोलत नाही. भाडेकरूला 'घर सोड' म्हटलं तर नोटीस द्यावी लागते, डिपॉझिट परत करावं लागतं. त्यापेक्षा विहिरीचा पंप रोज थोडा थोडा कमी वेळ चालू ठेवला, की तो आपल्या पायाने निघून जातो. काही परतीच्या आदेशांत हाच डाव असतो. आपल्याकडे कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्या माणसाला कंपनीने कमी केलं, तर नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. त्याने स्वतः राजीनामा दिला तर यातलं काही लागत नाही. उलट नोटीस पिरियड पूर्ण केला नाही तर पैसे त्याच्याचकडून घेतले जातात. अमेरिकेत 'बांबूएचआर' या कंपनीने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी चौघांत एकाने कबूल केलं की परतीच्या आदेशानंतर काही लोक आपणहून सोडून जातील अशी त्यांना आशा होती. प्रत्येक कंपनीचा हेतू असाच असतो असं मी म्हणणार नाही. पण आदेशासोबत बदलीचा खर्च, घर शोधायला वेळ, अडचणीच्या माणसांसाठी सवलत यातलं काहीच येत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

घरून काम कमी होतं का?

यावर मतं भरपूर आहेत, पण नीट मोजमाप केलेले अभ्यास थोडे आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून काही कर्मचारी घरी, काही ऑफिसात ठेवले. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण प्रयोग संपल्यावर, घरून काम केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी परत ऑफिसात जाणं पसंत केलं. एकटेपणा हे मोठं कारण होतं. म्हणजे घर सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

ट्रिप डॉट कॉम हे नाव घेतलेल्या त्याच कंपनीत पुढे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला. तो २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. प्रयोगाआधी मॅनेजरांना वाटत होतं की काम कमी होईल. नंतर त्यांचं मत बदललं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा परतीच्या आदेशानंतर नफ्यात किंवा शेअरच्या भावात ठळक सुधारणा दिसली नाही, कर्मचाऱ्यांचं समाधान मात्र घसरलं.

या सगळ्यातून हायब्रिड पद्धत चांगली ठरते. पूर्ण वेळ घरून काम करण्याबद्दलचा पुरावा तितका एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं.

कोकणाची गोम कुठे आहे?

हे अभ्यास धरून चालतात की माणूस ऑफिसच्याच शहरात राहतो. दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस हे कोथरूडच्या माणसाला जमतं. चिपळूणच्या माणसाला ती सवलत म्हणजे पाच दिवसांचाच आदेश आहे, कारण दोन दिवसांसाठी दर आठवड्याला घाट चढून उतरून कोण येणार?

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, आणि जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारतही आहे. तरी रत्नागिरी-मुंबई रोजचा प्रवास कुणी करू शकत नाही. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं, वेग कमी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला, त्या कामाची रखडपट्टी इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पुण्याला जायचं तर घाट, आणि जुलैत दरड कधी येईल सांगता येत नाही.

म्हणून इथल्या लोकांना हवी असलेली हायब्रिड वेगळी आहे. दर आठवड्याला तीन दिवस नको, महिन्यातला एक सलग आठवडा, किंवा तिमाहीला दोन आठवडे ऑफिसात. सगळी टीम त्याच आठवड्यात येईल अशी आखणी करायची. नव्या मुलांना शिकवणं, योजना आखणं, तोंडओळख हे सगळं त्यात बसवायचं. 'महिन्याला दहा दिवस' अशी अट असेल, तर ते दिवस सलग घेऊ द्यायला कंपनीचा एक पैसा जात नाही. मला विचाराल तर मागणी करायची असेल ती हीच करावी.

खर्च मांडून पाहू

समजा हातात येणारा पगार ४५,००० रुपये आहे. हिंजवडीच्या आसपास फ्लॅटमधल्या वाट्याचं भाडं १२,०००, मेस ५,०००, शहरातलं जाणं-येणं २,५००, महिन्यातून दोनदा गावी फेरी ३,०००. झाले २२,५००. म्हणजे निम्मा पगार. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे घालून बघा. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावरची सूट मिळत नाही, त्यामुळे ऑफिससाठी भरलेल्या भाड्यावर करातही दिलासा नाही. गावी हे खर्च नव्हते, म्हणजे काम आणि पगार तोच ठेवून हातातला पैसा निम्म्यावर आला. याला पगारकपात म्हणत नाहीत, एवढंच.

वेळेचंही तसंच. रोज जाऊन-येऊन दोन तास धरले, तर महिन्याच्या बावीस दिवसांचे ४४ तास होतात. दिवसाला नऊ तास धरले तर हा जवळपास पूर्ण एका आठवड्याचा कामाचा वेळ, बिनपगारी.

आणि बंद घर. कोकणात घर बंद ठेवलं की ते नुसतं बंद राहत नाही. एका पावसात कौलं सरकतात, गळती लागते, वाशांना वाळवी लागते. दर मेमध्ये कौलं परतायला माणूस लागतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला घरचं कुणीतरी लागतं.

"आमचे आजोबा नाही का गेले?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि तो टोचतो. गेले ना. रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान् पिढ्या पुरुष गिरणगावात गेले. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, आणि गावाकडच्या बायकोने मनीऑर्डरची वाट बघायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातले कित्येक हात हलवत गावी परतले. ते मुंबईला गेले कारण माग मुंबईत होता. माग पडवीत आणता आला असता तर किती जणांनी बायकामुलं गावी टाकली असती? त्यांनी सोसलं म्हणून नातवानेही कारण नसताना सोसावं, हे मला पटत नाही.

"ज्यांना घरून काम करताच येत नाही त्यांचं काय?" एसटीचा चालक, सरकारी दवाखान्यातली नर्स, मच्छीमार बोटीवरचा खलाशी. या लोकांना ही चर्चा चैनीची वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण घरून काम करणाऱ्याने शहरात जाण्याने नर्सची पाळी हलकी होत नाही. तो गावात राहिला तर त्याचा पगार गावातल्या किराणा दुकानात, रिक्षात आणि सुताराकडे फिरतो.

"घरी बसून दुसरी नोकरी करतात." काही जण करतात. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं. लबाडी करणाऱ्याला काढा, वाद नाही. ते पकडले गेले ते घरून काम चालू असतानाच.

बायकांचा मुद्दा मात्र नाजूक आहे. घरात असलेली सून म्हणजे मोकळी, असं अजून बऱ्याच घरांत धरतात. मीटिंग चालू असताना 'दूध उतू जातंय' अशी हाक येते, पाहुणे आले की चहा तिनेच करायचा. अशा काही जणींना परतीचा आदेश सुटकेसारखा वाटतो. दुसऱ्या काही जणींना बाळ लहान असताना घरून काम मिळालं नाही तर नोकरीच सोडावी लागते. म्हणून एकच नियम सगळ्यांना लावणं चूक आहे, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

कायदा मदत करतो का?

फारशी नाही. घरून काम करणं हा भारतात हक्क नाही. २०१७ मधल्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात एवढंच आलं की रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम ठरवता येईल. २०२० च्या अखेरीस सेवा क्षेत्रासाठी काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमावलीच्या, मसुद्यातही मालक 'परवानगी देऊ शकतो' अशीच भाषा होती. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक कामाची मागणी करण्याचा हक्क आहे. मालक नकार देऊ शकतो, पण त्याला कारण द्यावं लागतं. 'कारण द्या' एवढी अट आपल्याकडे आली तरी बरंच बदलेल.

तोवर स्वतःची कागदपत्रं बघा. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण कोणतं लिहिलं आहे, 'देशात कुठेही बदली' हे कलम आहे का, मधल्या काळात घरून काम कायमस्वरूपी दिल्याचं एखादं पत्र किंवा ईमेल आहे का. असेल तर त्याची प्रत स्वतःजवळ जपून ठेवा. आणि मॅनेजरशी झालेलं तोंडी बोलणं त्याच दिवशी एका ओळीच्या ईमेलने पक्कं करून घ्या.

ऑफिसच गावाजवळ आलं तर?

घरून कामातला सगळ्यात मोठा खरा दोष इथल्या विजेचा आणि नेटवर्कचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तोच अनुभव दिला. कंपनीने 'आम्हाला भरवसा वाटत नाही' म्हटलं तर तिला खोटं पाडता येत नाही.

पण पडवी आणि पुणे यांच्या मधे जागा आहे. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, चेन्नईपासून सहाशेएक किलोमीटरवरच्या तेनकाशीत ऑफिस उघडलं. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः तिथल्या खेड्यात राहायला गेले. जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर त्या भागात तयार होतं. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी इथे स्टेशनपासून जवळ, चाळीस-पन्नास खुर्च्यांची जागा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, जनरेटर आणि तीन-चार कंपन्यांची माणसं एकत्र, एवढ्यावरही सुरुवात होते. तिथे कार्ड टेकवून हजेरी लागते, नवी मुलं अनुभवी माणसाशेजारी बसतात, आणि संध्याकाळी सहाच्या एसटीने माणूस घरी जातो. जिल्हा नियोजनाच्या पैशातून अशी जागा उभी करायला सांगणं, आणि कंपन्यांना त्या जागेची हजेरी ऑफिसची म्हणून धरायला लावणं, या दोन मागण्या आमदार-खासदारांकडे आजच करता येतील. गणपतीला सगळे गावी येतील, तेव्हा सह्या गोळा करणंही सोपं जाईल.